दिल्लीहून आणलेला हात

माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सात डाग आहेत. त्यातले दोन तव्याचे आणि पाच माणसाचे. तव्याचे वेडेवाकडे आहेत, कारण तवा कुणावर रागावलेला नसतो. हात लागला की भाजतो, काढला की सोडतो. माणसाचे पाचही सरळ आहेत, एका लांबीचे, चिमट्याच्या पात्याएवढे रुंद. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, तेव्हा मी सातही तव्याचेच सांगितले.

तो माणूस दिल्लीतला मोठा शेफ. किती मोठा, तर आमच्या हॉटेलात जेवायला दोन-दोन महिने आधी टेबल धरावं लागायचं, आणि देशातल्या उत्तम हॉटेलांच्या ज्या याद्या दरवर्षी निघतात त्यांत आमचं नाव वरच असायचं. दक्षिण दिल्लीतला एक जुना बंगला होता. बाहेर पाटीसुद्धा नव्हती. ज्याला माहीत नाही त्याने येऊच नये, असा तोरा. आत मंत्री, मोठे वकील, वकिलातींमधले गोरे पाहुणे. अकरा पदार्थांचं जेवण, एकेक पदार्थ दोन घासांचा, आणि प्रत्येक ताटलीतली पानं-फुलं आम्ही दागिने घडवायच्या बारीक चिमट्याने मांडायचो. लोक जाताना सांगायचे की इथे फार शांत वाटतं. वाटणारच. किचनच्या दाराला आतून गादी शिवलेली होती.

आतली पद्धत अशी. ताटली चुकली की शेफ ओरडायचा नाही. ओरडणारे शेफ मी नंतर पुष्कळ पाहिले, ते बिचारे परवडतात. हा नुसता डावा तळहात पुढे करायचा, उताणा. ज्याचं चुकलं त्याने काम सोडून त्याच्यासमोर यायचं, बाही वर करायची आणि स्वतःचं मनगट त्या तळहातावर ठेवायचं. मग तो बोटं मिटायचा आणि निखाऱ्याच्या जाळीवर ठेवलेला लांब चिमटा उचलून हातावर टेकवायचा. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. कातडी चरचरायची, वास यायचा, आणि तो म्हणायचा, ‘पुढची प्लेट.’

कोणी पकडून नेत नव्हतं, दाराला कुलूप नव्हतं. आम्ही आपल्या पायांनी जायचो आणि आपल्या हाताने हात द्यायचो. त्याचं एक पत्र मिळालं की जगातलं कुठलंही किचन उघडतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आता लपवण्यात काय अर्थ आहे, आम्हाला त्याचा माज होता. कपडे बदलायच्या खोलीत आम्ही एकमेकांचे हात बघायचो. ज्याचे डाग जास्त तो जुना, तो आपला. कोरा हात घेऊन आलेल्याला आम्ही चार दिवस पाणीसुद्धा विचारत नव्हतो.

मी तिथे पोचलो तो नागपूरजवळच्या कोराडीहून. वडील वीज केंद्रात होते, आमचं घर कॉलनीत. केंद्राच्या चिमणीची राख पडलेले दोरीवरचे कपडे झटकून घ्यायचे आणि वडिलांची शिफ्ट सुटायच्या आत दप्तर आवरून बसायचं, एवढी शिस्त लहानपणीच अंगी लागली. वडिलांचा पट्टा दारामागच्या खिळ्याला असायचा. त्याच्या बकलाचा आवाज मला अजून ओळखता येतो, बाजारात कुणी पट्टे चाळत असेल तर मी दुसरीकडे वळतो. आई मधे पडली की तिलाही बसायचे. त्यामुळे दिल्लीत पहिल्याच आठवड्यात शेफने गढवालच्या एका कुकच्या कानशिलावर तांब्याचं पातेलं फेकून मारलं, तेव्हा मी दचकलो नाही. दोन दिवस आटवलेला मटणाचा नितळ रस त्याने घाईत ढवळला होता आणि तो गढूळ झाला होता. कान फाटला. रक्त गळ्यापर्यंत आलं. त्याने एप्रन बदलला, कानाला कापड बांधलं आणि पुन्हा उभा राहिला. मला वाटलं, हां, इथे काम होतं.

चार वर्षांनी एक बंगाली कुक आला. अंगाने दांडगा, हाताला विलक्षण चव. मासा असा शिजवायचा की शेफसुद्धा दोनदा चाखायचा. एका दुपारी त्याच्या माशाची साल ताटलीला चिकटली. शेफने तळहात पुढे केला. तो बंगाली जागचा हलला नाही. मी चूक केली, पगार कापा, पण हात देणार नाही, असं तो साध्या आवाजात म्हणाला. शेफने तळहात तसाच ठेवला आणि आमच्याकडे बघितलं.

आम्ही चौघे गेलो. दोघांनी त्याचे खांदे धरले, एकाने कंबर धरली. कोपर मी धरलं. तो सुटायला धडपडत होता, त्याचं डोकं माझ्या दातांवर आदळलं, माझा ओठ फुटला आणि त्यामुळे माझा राग आणखी चढला. मी त्याचं कोपर टेबलाच्या कडेवर दाबून धरलं, हाड लागेपर्यंत. त्या दिवशी चिमटा एका श्वासापुरता नव्हता. तो ओरडला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, जाळीवरच्या कोळशाकडे बघत राहिलो. बाहेर कुणाला काही कळलं नाही. सातवा पदार्थ वेळेवर गेला.

बंगाली दुसऱ्या दिवसापासून आला नाही. त्याचं टेबल, म्हणजे माशाचं सगळं काम, शेफने मला दिलं. मी ते घेतलं, खूष होऊन घेतलं, आणि आईला फोन करून सांगितलं की मी मोठा झालो. तिने पेढे वाटले.

आठ वर्षांनी परत आलो ते वडील गेल्यावर. आई एकटी होती. नागपुरात एका बड्या असामीला हौस आली होती, की उपराजधानी असली म्हणून काय झालं, दिल्लीला आहे तसं एखादं हॉटेल इथेही असावं. सिव्हिल लाइन्समधला एक बंगला त्यांनी माझ्या हवाली केला. दिल्लीतल्या माणसाचं नाव ऐकूनच त्यांनी मला घेतलं, माझ्या हातचं खाल्लंसुद्धा नाही. मी विदर्भातल्याच गोष्टी घ्यायच्या ठरवल्या. जवसाची चटणी, अंबाडी, काळ्या मसाल्याचं मटण, आणि मटक्यावरची रोटी. दिल्लीचं फक्त नेमकेपण घ्यायचं, बाकी तिथलं काही नको.

पहिल्या दिवशी सगळ्यांना अंगणात उभं करून मी सांगितलं, ‘या किचनमधे कोणाच्या अंगाले हात लागनार नाई. मी लावनार नाई, तुमी लावाचा नाई.’ मला वाटलं होतं टाळ्या पडतील. लोक नुसते बघत राहिले. संध्याकाळी हेच आईला सांगितलं. ती तूर निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘तुया बाबानंबी लग्नाच्या दिवशी असंच म्हनलं होतं.’

मला तिचा राग आला. मी ताट सरकवून उठलो. ती बोलली त्यातलं खरं मला तेव्हा ऐकायचंच नव्हतं.

रोटीसाठी मी पाच-सहा बायका पाहिल्या. मटक्यावरची रोटी म्हणजे लाटण्याचं काम नाही. कणीक इतकी सैल भिजवायची की हातातून ओघळली पाहिजे, मग ती उचलून परातीत आपटायची, पुन्हा उचलायची, पुन्हा आपटायची, तिला तार येईपर्यंत. मग तो गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर टाकायचा. कागदासारखी पातळ, धोतरासारखी लांब. ज्या बाईला जमतं तिला लोक लांबून बोलावणं धाडतात, आणि अशी बाई स्वतःचा मटका घेऊन येते. जुना मटका आच कशी घेतो हे तिलाच माहीत असतं. त्याला दुसऱ्याने हात लावायचा नसतो.

कन्हानहून आलेली बाई चाळिशीची असेल. बारीक, काळीसावळी, कपाळावर एक जुना व्रण. तिने मटका डोक्यावरून उतरवला, बाह्या वर सारल्या, आणि मी तिचे हात पाहिले. दोन्ही हात डागांनी भरलेले. मला काय वाटलं सांगू? मला ती आपली वाटली. दिल्लीच्या त्या खोलीत जसं वाटायचं तसं. कुठल्या तरी कडक उस्तादाच्या हाताखाली तयार झालेली बाई आहे, असं मी धरून चाललो आणि अगदी कौतुकाने विचारलं, ‘कोनत्या किचनमधे होत्या, ताई?’

‘नवऱ्याच्या,’ ती म्हणाली.

मग तिने एकेक दाखवलं. गोल, पसरट होते ते मटक्याचे. लांब, टोकाला वळलेले होते ते सराट्याचे, म्हणजे उलथण्याचे. भाजी खारट झाली, सराटा. पोरीला शाळेत घातलं, सराटा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ती पोरगी आणि मटका एवढंच घेऊन निघाली होती. आई-बापाच्या घराला लागून एक खोली होती, तिथे राहत होती, लग्नाकार्याच्या रोट्या करत होती.

‘तुमचा पैसा-पानी ठरवा तुमी, मी काई बोलत नाई,’ ती म्हणाली. ‘मले तोंडानं बोल्ले तरी चालते, भाऊ. मटक्याले अन् अंगाले कोनाचा हात नको. माह्या पोरीले मी जबान देली आहे.’

मुलगी दहावीत होती. ती रोज संध्याकाळी आई घरी आली की तिला उजेडात बसवायची, स्वतःचा तळहात पुढे करायची, आईचा हात त्यावर घ्यायची आणि बघायची. नवा डाग दिसला की विचारायची, हा कशाचा? मटक्याचा, असं उत्तर आलं की झालं. ज्या दिवशी दुसरं उत्तर येईल त्या दिवसापासून आईने तिथे पाय ठेवायचा नाही, असं त्या दोघींचं ठरलेलं. बाईने हे मला हसत हसत सांगितलं. मी म्हणालो, ‘जबान माझीबी. इथं मटक्याशिवाय कोनी नाई भाजनार तुमाले.’

आठ महिने मी ते पाळलं. सोपं नव्हतं. माझ्या नाकावर राग असतो, तो काही दिल्लीत सोडून आलो नव्हतो. मी ताटल्या भिंतीवर फेकल्या. फ्रीजचं दार लाथेने वाकवलं. एकदा चुकीची कापलेली बोकडाची अख्खी मांडी मी सुऱ्याने ठेचत बसलो, खालच्या लाकडी ठोकळ्याचा तुकडा उडेपर्यंत. पण माणसावर हात उचलला नाही. बाई मागच्या अंगणात तिच्या चुलीपाशी असायची. कणीक आपटल्याचा तिचा आवाज किचनभर ऐकू यायचा, धप, धप, धप, आणि मी शपथेवर सांगतो, तो आवाज ऐकला की माझं डोकं जाग्यावर यायचं. जेवायला येणारे रोटी बघायला अंगणात यायचे, फोटो काढायचे. बाई पदर नीट करून हसायची. तिला पहिल्यांदाच कुणी असं बघत होतं.

मग दिल्लीहून फोन आला. शेफ पेंचला वाघ बघायला येणार होता, सोबत याद्या करणाऱ्या मंडळींपैकी दोघे. जाताना दुपारचं जेवण माझ्याकडे. बंगल्याच्या मालकांना तर गगन ठेंगणं झालं. मी तीन रात्री झोपलो नाही. मला त्याच्याकडून शाबासकी हवी होती. ज्याने पाच वेळा भाजलं त्याच्याकडून. हे लिहितानासुद्धा मला माझ्या तोंडात मारावंसं वाटतं.

बेत दिल्लीच्या घड्याळावर बसवायचा म्हणजे रोटीने वेळेवर यायला हवं. बाईची कणीक हवेप्रमाणे कधी लवकर तयार व्हायची, कधी उशिरा. ती हात लावून सांगायची, आता झाली. हे मला चालण्यासारखं नव्हतं. दिल्लीत आम्ही सगळी पिठं आदल्या दिवशी भिजवून शीतपेटीत ठेवायचो आणि लागेल तेव्हा काढायचो. मी तेच करायला सांगितलं.

‘भाऊ, थंडी कनीक तापल्या मटक्यावर नाई टाकत,’ बाई म्हणाली. ‘मटका तडकून जाईन.’

‘दिल्लीत होते.’

‘दिल्लीत मटका हाय काय?’

नव्हता. दिल्लीत तवा होता, लोखंडाचा. हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. मी म्हणालो, ‘मी सांगून राहिलो तेवढं करा.’ तिने मटक्यावर हात ठेवला, जसा गाईच्या पाठीवर ठेवतात, आणि कणीक भिजवायला गेली. तिला तोंडानं बोललेलं चालायचं.

त्या दुपारी सगळं घड्याळासारखं चाललं. चार पदार्थ गेले. ताटल्या पुसून परत आल्या. पाचवा रोटीचा, काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर. मटण ताटल्यांत वाढून तयार, रस्सा वर चकाकत होता. तेवढ्यात गादी नसलेलं आमचं दार उघडलं आणि शेफ आत आला. त्याला कुठल्याही किचनमध्ये जायला परवानगी लागत नसे. कोपऱ्यात हात मागे बांधून उभा राहिला. मी अंगणाच्या दाराशी जाऊन बाईला खूण केली.

तिने थंड कणीक हातांवर खेळवली. ताणली जात नव्हती, मधे फाटली. दुसरा गोळा घेतला. तो कसाबसा पसरला, मटक्यावर पडला, आणि हाड मोडल्यासारखा आवाज झाला. मटका वरून खालपर्यंत उकलला. एक मोठी खापरी उडून बाईच्या दंडाला लागली, निखारे अंगणभर पसरले, कणीक राखेत पडली. बाईने तोंडावर हात नेला. पोरीखेरीज नवऱ्याच्या घरातून तिने एवढंच तर आणलं होतं.

माझ्या मागे शेफ उभा होता. ताटल्यांत मटण गार होत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती कशी जाते हे मला नेमकं माहीत आहे. पोटऱ्या आधी ताठ होतात. मी कणकेवर चिडलो नव्हतो, स्वतःवर तर नाहीच. माझं हसं होतंय, एवढंच डोक्यात होतं. आणि मी काय केलं, तर डावा तळहात पुढे केला, उताणा.

बाईने माझ्याकडे पाहिलं. मग पुढे येऊन तिने आपलं मनगट माझ्या तळहातावर ठेवलं. एक क्षणही विचार न करता.

मी बोटं मिटली. चुलीच्या कडेला निखारे सारायचा चिमटा होता, तो उचलला आणि तिच्या हातावर टेकवला. एक श्वास. हाताला सगळं पाठ होतं, त्याने मला काही विचारलंच नाही.

ती ओरडली नाही. हात ओढूनही घेतला नाही. मी बोटं उघडल्यावर तिने हात छातीशी धरला आणि अगदी हळू म्हणाली, ‘मले वाटलं, खापरी लागली ते पाहून राहिले तुमी.’

तोपर्यंत मला काय केलं ते कळलंच नव्हतं. तिच्या मुलीशिवाय कुणी तिच्यापुढे असा तळहात केला नव्हता. ती दाखवायला आली होती.

मी मागे वळलो. शेफने सगळं पाहिलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य नव्हतं, आनंदही नव्हता. रोज जे होतं ते झालं, असा चेहरा. त्याने टेबलावरच्या ताटल्यांकडे बोट केलं आणि म्हणाला, ‘पुढची प्लेट.’ त्याचं डोकं धरून चुलीच्या दगडावर आपटावं, कवटी फुटेपर्यंत आपटावं, असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, दिसलं. त्याचे दात, त्याचे पांढरे केस राखेत. माझी मूठ चिमट्यावर वळली होती, आणि तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

मी त्याला काही केलं नाही. चिमटा खाली ठेवला आणि प्लेट पाठवली. रोटीच्या जागी भाकरीचा तुकडा. मग सहावी, सातवी, अकरावीपर्यंत सगळ्या. भित्रा माणूस कुणावर हात उचलायचा ते बरोबर ओळखतो.

सहावी प्लेट लावून अंगणात गेलो तर बाई नव्हती. निखारे तिने झाडून चुलीत परत घातले होते, अंगण झाडलं होतं, आणि खापऱ्या, बारीकसारीक तुकड्यांसकट, गोळा करून नेल्या होत्या.

शेफ जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला. महिन्याभरात यादी आली, तीत आमचं नाव होतं. मालकांनी हार आणला. मी त्यांना काय घडलं ते सांगितलं, सगळं, काही न वगळता. ते म्हणाले, ‘एवढं मनावर काहून घेता गा? एखादा मलम नेऊन द्या ना बाईले.’ मी तो हार टेबलावर ठेवला आणि किल्ल्याही. पण त्याला माझी मर्दुमकी समजू नका. तोवर मी महिनाभर रोज त्याच किचनमध्ये काम केलं होतं.

कन्हानला मात्र तिसऱ्याच दिवशी गेलो होतो. जाताना कुंभाराकडून मटका घेतला, वाजवून, निरखून. म्हणजे अजूनही मला वाटत होतं की हे मटक्याचं भांडण आहे. खोली नदीवरच्या पुलाच्या अलीकडच्या वस्तीत होती. बाई बाहेरच बसली होती, हाताला हळद-तेलाचं फडकं. तिने मला पाहिलं, उठली, खाट झाडली. मी बसलो. मटका पायाशी ठेवला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि उचलला नाही.

‘चूक झाली, ताई,’ मी म्हणालो. ‘पोलिसात जायचं असन तं मी संग येतो. खोटं नाई बोलनार.’

‘चा ठेवते,’ ती म्हणाली आणि आत गेली.

मुलगी दारात उभी होती. शाळेचा गणवेश, दोन वेण्या. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी अंगणातल्या बादलीकडे. तुझ्या आईला परत पाठव, असं मला तिला सांगायचं होतं. ती ज्या दिवशी दुसरं उत्तर ऐकेल त्या दिवशी काय होणार हे ठरलेलं होतं, तरी सांगायचं होतं. मी काही बोलायच्या आत ती येऊन समोर बसली. संध्याकाळचं ऊन सरळ खाटेवर येत होतं. तिने तळहात पुढे केला, उताणा.

मी बाही वर केली आणि हात दिला. अंगवळणी पडलेलं होतं. तिचा तळहात गार होता, शाईचे डाग असलेला.

तिने मनगटाजवळच्या डागावर बोट ठेवलं. ‘हा कशाचा?’

‘तव्याचा.’

‘हा?’

आतून कपबशी ठेवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. बाई दाराआड ऐकत उभी असणार.

‘मानसाचा,’ मी म्हणालो.

‘हा?’

‘मानसाचा.’

ती थांबली नाही. एकेक करत कोपरापर्यंत गेली, आणि मी एकेक सांगत गेलो, सात संपेपर्यंत. सासऱ्यांपासून लपवलेलं, बायकोला अर्धंच सांगितलेलं, ते सगळं. ऊन डोळ्यांत येत होतं. मला रडू येत होतं आणि कुठेतरी आशाही वाटत होती, की आता हिला कळेल, मला कुणी असं केलं ते.

तिने माझा हात माझ्या मांडीवर परत ठेवला.

‘मंग तुमाले तं मालूम होतं,’ ती म्हणाली, ‘कसं लागते ते.’ आणि मटका उचलून तिने माझ्या हातात दिला.